शाकारणी घराची करता, तशी खुराड्याचीही करा
(कोकणात घरच्या परसात कोंबड्या पाळणाऱ्या सर्वांना जाहीर आवाहन)



मृग जवळ आला. कौलं परतायला माणसं छपरावर चढली आहेत, लाकूडफाटा पडवीत आला आहे. या गडबडीत परसातल्या खुराड्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. एक फळी कुजलेली, कडीच्या जागी सुंभाची गाठ, पायाशी घुशीने उकरलेलं बीळ, सगळं गेल्या वर्षी होतं तसंच. पाऊस लागला की बघता बघता रान कमरेएवढं होतं आणि सकाळी कुठल्या तरी वाडीतून ऐकू येतं, "आमची रवणीवरची कोंबडी नेली!" त्यामागून ठरलेला उपायही येतो, "फासकी लावूया."

याच भागात कोंबड्या पाळणारी आम्ही काही कुटुंबं आपल्याला हात जोडून सांगतो, फासकी, म्हणजे तारेचा फास, लावू नका. तेवढ्याच मेहनतीत खुराडं नीट करा.

कोंबडी गेल्याचं दुःख लहान नाही, हे आम्ही जाणतो. रवण बसते २१ दिवस. त्यातून निघालेल्या पिल्लाची अंडी देणारी तलंग व्हायला सहाएक महिने जातात. गावठी अंड्याचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतात. त्यातून पोरांच्या वह्या येतात, दुखण्याखुपण्याचं भागतं. गावच्या राखणदाराला द्यायचा कोंबडाही याच खुराड्यात वाढतो. राखणदार गावाची राखण करील, पण त्याचा कोंबडा मोठा होईपर्यंत सांभाळायचं काम आपलं आहे.

आमच्यापैकी एकीच्या घरी गेल्या पावसात एका रात्रीत सहा तलंगा आणि एक कोंबडा गेला. "वाघरूच आलं" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. उजाडल्यावर पाहिलं तर एकही पक्षी खाल्लेला नव्हता; सगळे फाडून अंगणभर टाकलेले. ते काम वाडीतल्याच मोकाट कुत्र्यांचं होतं, आणि दाराला कडी नव्हती. म्हणून पहिली विनंती ही, की आधी चोर ओळखा.

खूप पक्षी मारून तिथेच टाकलेले दिसले, तर बहुधा कुत्रा. एकच कोंबडी नाहीशी आणि पिसांची रेघ रानाकडे गेलेली, तर कोल्हा किंवा रानमांजर. भरदिवसा पक्षी मारला, डोकं-मान चावलेली, अंडी फोडलेली, तर मुंगसाचा संशय घ्यावा. रात्री उंचावरच्या फटीतून आत शिरून मारलं असेल, तर कांडेचोर. अंडी टरफलासकट गायब किंवा पिल्लू ओलं होऊन मरून पडलेलं, तर साप. गिळायला गेला आणि जमलं नाही. अंगणातून पिल्लू अलगद उचललं, तर घार, शिक्रा नाही तर कावळा. पिल्लं एकेक करून बिळाकडे ओढली जात असतील, तर घूस. खुराडंच मोडलं असेल, तर मात्र बिबट्याचा विचार करावा. खुणा नेहमीच इतक्या स्पष्ट नसतात, पण कोण कुठून आलं हे कळलं की नेमकी कुठली फट बुजवायची ते कळतं.

आता पावसाआधी करायची कामं:

१. पाया. चिऱ्याचा किंवा सिमेंटचा पाया उत्तम. तो नसेल तर खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या. जमिनीवरच असेल तर भिंतीच्या बाहेर चहूबाजूंनी दीड फूट रुंद जाळी आडवी पसरा आणि वर माती-दगड टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी लगत उकरतो. जाळी लागली की तो थांबतो. दोन पावलं मागे जाऊन उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही.

२. जाळी. षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी वापरा. मुठीएवढी फट मुंगसाला पुरते आणि सापाला तर त्याहून बारीक. कौलांच्या खालूनही जाळी मारा.

३. दार. नुसती सरकती कडी ढकलून उघडते. कोयंड्यात खिळा किंवा कुलूप अडकवा.

४. दिवेलागण. सांजावलं की कोंबड्या आपणहून मुक्कामाला येतात, दार लावायचं मात्र माणसाने. मूठभर कण्या रोज संध्याकाळी खुराड्यातच टाका, म्हणजे आंब्याफणसावर झोपणाऱ्याही आत येतील. दार लावून परतताना अंडी उचला. राहिलेलं अंडं साप-मुंगसाला बोलावतं. सांडलेलं खाद्य झाडून घ्या. खाद्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप.

५. पिल्लं. पहिला दीड महिना पिल्लं डालग्याखाली किंवा वरून जाळी असलेल्या जागेत ठेवा. मासेमारीचं जुनं जाळं चालेल, पण ते ताणून, जमिनीपासून फूटभर वर बांधा. जमिनीवर लोळणाऱ्या जाळ्यात साप अडकून मरतात आणि ते सोडवताना माणसालाही दंश होतो.

६. घाण. कोंबडी सोलल्यावर आतडी-पिसं व्हाळात किंवा रस्त्याकडेला फेकू नका. दोन-तीन फूट खड्ड्यात पुरा. त्या वासाने कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. राखणीसाठी रात्री अंगणात बांधलेला कुत्रा हेही बिबट्याला आमिषच, त्याला घरात घ्या.

दिवा लावून ठेवणं, रेडिओ चालू ठेवणं, बुजगावणं उभं करणं, हे चार दिवस चालतं. मग प्राण्याला सवय होते.

आता जे करू नये ते. रानमांजरासाठी लावलेली फासकी कुणाला धरायचं ते विचारत नाही. तिच्यात शेजाऱ्याचा कुत्रा सापडतो, वासराचा पाय सापडतो आणि बिबट्याही सापडतो. कोकणात फासकीत अडकलेले बिबटे काही नवी गोष्ट नाही. जखमी होऊन सुटलेला बिबट्या तर साऱ्या वाडीला भारी पडतो. मेलेल्या कोंबडीत विष घालून ठेवलं, तर ती घार खाते, कुत्रा खातो आणि ते विष पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीकडेही जाऊ शकतं. कुंपणात वीज सोडली तर माणूस मरतो.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. बिबट्या आणि घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. एका कोंबडीच्या रागापायी घरचा कर्ता माणूस तुरुंगात जाणं कुणाला परवडणार?

आणि मारून उपयोग तरी काय? एक मुंगूस मारलं तर त्याच्या जागी दुसरं येतं. फट तशीच असेल तर तेही आत शिरतं. शिवाय ज्यांना आपण चोर म्हणतो तेच मुंगूस, रानमांजर आणि धामण वर्षभर आपल्या भातातले, माडाखालचे, कणगीतले उंदीर खातात. लेप्टोचा ताप उंदरांच्या मुतातून पसरतो, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

जंगली जनावर खुराड्यात सापडलं तर गर्दी करू नका. लहान प्राणी असेल तर दार उघडून बाजूला व्हा, तो निघून जाईल. साप असेल तर हात घालू नका, सर्पमित्राला बोलवा. बिबट्या असेल तर पोरं-माणसं घरात घ्या, दारं लावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

हे सगळं एकेकट्याला जड जातं. जाळीचं अख्खं भेंडोळं एका घराला नको असतं. चार घरांनी मिळून घ्यावं. बचत गटाने पुढाकार घेतला तर वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायांची खुराडीही नीट होतील. त्यांच्या कोंबड्या जातात तेव्हा ओरड करायलाही कुणी नसतं.

येत्या रविवारी कौलं परतायची शिडी ठेवून देण्याआधी ती परसात न्या. खुराड्याभोवती एक फेरी मारा, लहानमोठी प्रत्येक फट बुजवा आणि त्याच संध्याकाळपासून दिवेलागणीला कडी लावा. आणि कुठे लावलेली फासकी असेल, तर ती आजच काढा.

आपले नम्र,
वाडीतील कोंबड्या पाळणारी कुटुंबे