मित्राची खोली आणि मणिबेलीचा दाखला

अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे मणिबेली हे गाव महाराष्ट्राच्या मतदानकेंद्रांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असले, तरी आपल्या वाङ्मयीन वादात मात्र त्याची, किंवा तशा एखाद्या दूरच्या गावाची, आठवण फक्त साक्षीदार म्हणूनच होते. स्त्रीने स्त्रीवर केलेल्या प्रेमाचा विषय कथेत वा पडद्यावर आला, की एक ठरावीक कैफियत दाखल होते : हे सारे पुण्यामुंबईच्या रिकामटेकड्यांनी विलायती पुस्तकांतून उचललेले थेर आहे, डोंगरातल्या, पोटाच्या काळजीत असलेल्या माणसांत असल्या गोष्टी नसतात, विश्वास नसेल तर जा मणिबेलीला आणि विचारा.

या कैफियतीचा पहिला भाग इतिहासापुढे टिकत नाही. इस्मत चुगताईंनी ‘लिहाफ’ ही कथा १९४२ मध्ये लिहिली, ती उत्तर हिंदुस्थानातील एका मुसलमान घराच्या जनानखान्याविषयी. आणि तिच्यावर लाहोरात अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तेव्हा कथेतील नेमका कोणता शब्द अश्लील, हे फिर्यादी पक्षाला दाखविता येईना. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातील सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, ही तर चाळिशीच्या दशकातील मराठी महाविद्यालयात वावरणारी मुलगी, संमेलनाच्या नाटकात पुरुषाची भूमिका करता करता नायिका झालेल्या नमेवर तिचा जीव जडतो, यात विलायतेचा संबंध कोठे येतो? आणि ज्यांना वाङ्मयाचा पुरावाच मंजूर नसेल, त्यांनी नर्मदेच्या वरच्या अंगाच्या मध्यप्रदेशाकडे पाहावे : तेथील पोलीस दलातील दोन स्त्री-शिपायांनी १९८७ साली परस्परांशी विवाह केला आणि त्यापायी नोकरी गमावली. त्यांनी कोणती इंग्रजी कादंबरी वाचली होती, याचा तपशील आक्षेपकांनी अवश्य सादर करावा.

दुसरा भाग अधिक विचारार्ह आहे. कारण ‘तेथे असे काही आढळत नाही’ हे विधान ज्या दप्तराच्या आधारे केले जाते, ते दप्तर कसे लिहिले गेले हे मणिबेलीइतके स्पष्टपणे दुसरे गाव क्वचितच सांगेल. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे हे महाराष्ट्रातील पहिले गाव. येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, आणि गावाचे नाव १९९४ च्या धरणविरोधी आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला मिळाले. पण धरणाच्या पाण्याआधी येथे सरकारी रकाने येऊन पोचले होते. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात ‘कुटुंबा’ची व्याख्या मुकर्रर झाली, तीत प्रत्येक प्रौढ मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला गेला, आणि प्रौढ मुलीला तसे स्थान दिले गेले नाही, म्हणजे वयात आलेल्या मुलाला स्वतःच्या नावावर जमीन मागता येत होती, त्याच वयाच्या त्याच्या बहिणीला नव्हती. ज्या दप्तराला पुरुषावाचून एकटी बाईसुद्धा कुटुंब म्हणून लिहिता आली नाही, त्यात दोन बायांचे एक घर सापडले नाही, याचे नवल कसले? नसलेल्या रकान्यातील नोंद सापडत नाही म्हणून ती वस्तूच जगात नाही, असा निकाल एखादा कारकून देईल. समीक्षकाने देऊ नये.

आता दुसऱ्या बाजूच्या, सहानुभूतीच्या सुरात बोलणाऱ्या आक्षेपकांकडे वळू. त्यांचे म्हणणे असे, की मित्रा अखेरीस आत्महत्या करते, म्हणून तेंडुलकरांनी तिला शिक्षाच दिली. १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रोहिणी हट्टंगडी यांनी रंगभूमीवर उभी केलेली ही मित्रा बारकाईने पाहिली, तर निराळेच दिसते. या दोन मुलींना भेटायला जागा नाही. मित्राचा स्नेही बापू आपली खोली देतो, आणि त्या चार भिंतींच्या उधारीवर सारे प्रेम उभे राहते. खोली बापूची, गावातली वार्ता नमेचा प्रियकर मन्या दळवी याच्या हातची, आणि नमेचे भवितव्य घरच्यांच्या मसलतीचे. एकही किल्ली मित्राच्या हाती नाही. तिचा अंत हा तिच्या स्वभावाचा दोष म्हणून वाचणाऱ्याने या खोलीकडे पाहिलेलेच नसते.

तेंडुलकरांना दोषमुक्त करण्याचा मात्र माझा हट्ट नाही. लागलीच १९८२ मध्ये जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला, शांता निसळांच्या ‘बेघर’वरून त्याची पटकथा तेंडुलकरांचीच, आणि तेथे महिलाश्रमातील दोन स्त्रियांची जवळीक उघडकीस येते, तेव्हा स्मिता पाटीलने साकारलेली, एरवी इतकी विवेकी असलेली अधीक्षिका त्यांना रोगी मानून उपचाराची भाषा बोलते. ज्या लेखणीने मित्रा लिहिली, तिनेच हे लिहावे, ही विसंगती मला खटकते. त्या काळच्या पुरोगामित्वाची मर्यादा तीच होती.

पुढे रवी जाधवांनी तेंडुलकरांच्या मित्राची ही कथा १९४७ च्या पार्श्वभूमीवर ‘मित्रा’ या लघुपटात कृष्णधवल रंगात मांडली; वीणा जामकर आणि मृण्मयी देशपांडे त्यात आहेत, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१५ मध्ये ‘बायोस्कोप’ या चित्रपटातून तो सर्वांपुढे आला. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९५२ च्या, टोपणनावाने छापाव्या लागलेल्या कादंबरीवरचा ‘कॅरोल’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. हायस्मिथ यांनी आपल्या दोन नायिकांना जिवंत ठेवले, इतकेच नव्हे तर एकत्र येण्याची आशाही दिली. त्या काळी हे धाडसच होते. आमच्या लेखकांकडे माझी मागणी याहून मोठी नाही : मित्राला मरण न देता तिच्या नावावर एक खोली लिहून द्यावी, आणि ती पुण्यातच असली पाहिजे असेही नाही.

कायद्याने मात्र दोन बायांच्या एका घराला अद्याप मान्यता दिलेली नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमाला गुन्ह्यातून वगळले. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला.