कचराभूमीवरील पर्यवेक्षकाचा अधिकार

१ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीच्या पूर्व सीमेजवळील गाझीपूर येथे कचऱ्याच्या डोंगराचा एक कडा कोसळला. दिवस पावसाळ्याचे होते. ढासळलेला कचरा शेजारच्या कालव्यात गेला, पाण्याची लाट रस्त्यावर आली आणि जाणारी-येणारी वाहने कालव्यात ओढली गेली. दोन माणसे प्राणांस मुकली. ती केवळ त्या वाटेने चालली होती.

गाझीपूरची जागा १९८४ सालापासून वापरात होती आणि २००२ पर्यंत ती भरून गेली होती. म्हणजे कडा कोसळला त्या वेळी मर्यादा ओलांडून पंधरा वर्षे लोटली होती. या पंधरा वर्षांत गाड्या येतच राहिल्या. त्या रित्या करून घेणारे, बुलडोझरवाल्यास जागा दाखविणारे लोक तेथे रोज उभे होते. डोंगर उभा चढत चालला आहे, हे त्यांना दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. दिसले असेल, तर त्यांपैकी कोणास एक गाडी तरी परत पाठविण्याचा अधिकार होता काय, हा खरा प्रश्न आहे.

कचऱ्याचा ढीग वरून निश्चल दिसतो, परंतु आत तो एखाद्या भट्टीप्रमाणे काम करीत असतो. ओला कचरा दाबला गेला की त्यातील हवा संपते आणि हवेवाचून जगणारे जीवाणू त्याचे विघटन करू लागतात. त्यातून निघणाऱ्या वायूत सुमारे निम्मा भाग मिथेन व उरलेला बहुतांशी कार्बन डायऑक्साइड असतो. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी स्फोटास पुरते. ढिगात मुरलेले पावसाचे पाणी कचऱ्यातील विषारी द्रव्ये घेऊन काळ्या रसाच्या रूपाने तळाशी उतरते. त्यास वाट नसेल तर ते ढिगाला आतून सैल व जड करते आणि उतार घसरतो. जमिनीत झिरपल्यास विहिरी नासतात, ते वेगळेच.

यावरील उपाय साधा आहे, आणि साधा असल्यामुळेच तो टाळला जातो. दिवसाचे काम संपले की कचऱ्यावर किमान १० सेंटिमीटर मातीचा किंवा राडारोड्याचा थर द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर दाबून बसवावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितले होते. मातीमुळे हवा आत जात नाही, पाणी मुरत नाही, माश्या व भटकी कुत्री दूर राहतात. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या देवनार येथील क्षेपणभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता. देवनारला कचरा टाकणे १९२७ पासून चालू होते. असा खोलवर धुमसणारा विस्तव नुसते पाणी मारून विझत नाही. ढीग उकरून, निववून, मातीखाली दाबावा लागतो. त्यापेक्षा रोजची माती स्वस्त पडते, हे कोणत्याही मुकादमाला ठाऊक असते. मातीची गाडी मागविण्याचे मात्र त्याच्या हाती नसते.

पर्यवेक्षकाचे काम म्हणजे नोंदवही भरणे, अशी एक समजूत रूढ आहे. ती सोडली पाहिजे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू दाट झाला की नाकाची संवेदनाच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून कामगार काळ्या पाण्याच्या टाकीत उतरतो आणि परत येत नाही. येथे वायुमापक यंत्र हवे, ते वाचता येणारा माणूस हवा आणि “कोणीही खाली उतरू नये” हा त्याचा शब्द अंतिम हवा. वेचक स्त्रीपुरुषांच्या बाबतीतही तसेच आहे. कुंपणाच्या फटीतून लपतछपत आलेला वेचक बुलडोझरवाल्यास दिसत नाही. नाव नोंदवून, हातमोजे व वेगळी जागा देऊन आत घेतलेला दिसतो.

यावर नगरपालिकांचा आक्षेप ठरलेला आहे: गाडी परत पाठविली तर शहराचा कचरा जाणार कोठे? आक्षेप खोटा नाही. ओला व सुका कचरा घरीच वेगळा झाला, ओल्याचे खत झाले, तर गाड्याच कमी येतील. तोवर अडचण राहणारच. पण ती अडचण सभागृहात बसणाऱ्यांनी सोसावयाची आहे. आज ती ढिगावर उभ्या असलेल्या माणसाच्या आणि पायथ्याच्या रस्त्याने जाणाऱ्याच्या माथी आहे.

यास्तव पर्यवेक्षकाच्या नेमणूकपत्रातच एक कलम असावे. उतारास भेग दिसली, मापकाचा काटा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला किंवा मातीचा थर पडला नाही, तर ढिगाचा तेवढा भाग त्याच्या सहीने बंद व्हावा. तो पुन्हा उघडावयाचा झाल्यास अभियंत्याने जागेवर येऊन पाहणी करावी आणि त्याच पानावर, त्याच सहीखाली, कारणासह आपली सही करावी.