बुडताना धरणाखालचे, भरपाईला कोरडवाहू



२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली, ती साऱ्या देशाने पाहिली. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. त्याच मांजराचे सर्व १८ दरवाजे २०२१ च्या सप्टेंबरअखेर उघडावे लागले आणि नदीकाठची माणसे बोटींनी, हेलिकॉप्टरने काढावी लागली. सरकारच्या भाषेत दोन्ही नैसर्गिक आपत्तीच.

पाऊस निसर्गाचा, हे आम्हाला मान्य. पण दरवाजा कधी आणि किती उघडायचा हे निसर्ग ठरवत नाही. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचे याचे वेळापत्रक पाटबंधारे खात्याकडे असते. ऑगस्टमध्ये धरण थोडे रिकामे ठेवले आणि परतीच्या पावसाने दगा दिला, तर शहर, कारखाने आणि कालव्याखालचा ऊस तहानेला मरेल, ही साहेबांची भीती. ती खोटी नाही. आगगाडी आम्हीही विसरलेलो नाही. आमचा सवाल हिशेबाचा आहे. धरण काठोकाठ भरून ठेवण्याचा नफा एकाच्या खात्यावर आणि शेवटच्या पावसात दरवाजे उघडले की तोटा दुसऱ्याच्या खात्यावर, हा कुठला व्यापार?

नांदेडकडे तीच कथा. विष्णुपुरीचा साठा लहान. वरून जायकवाडीचा लोंढा आला की तो खाली सोडण्यावाचून इलाज नाही. गोदावरी फुगली की आसनेचे, ओढ्यानाल्यांचे पाणी तिच्यात शिरत नाही. ते मागे फिरते आणि नदी दिसतही नाही अशा शेतात पसरते. त्या शेताला कालव्याचा थेंब कधी मिळालेला नसतो. सातबाऱ्यावर ते कोरडवाहू!

आता भरपाईचे दर पाहा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने दोन्हींत १०,००० घातले. झाले १८,५०० आणि २७,०००. फरक जागच्या जागी. पाणी वाटताना हे शेत धरणाच्या नकाशात नाही, बुडवताना आहे, पैसे मोजताना पुन्हा नाही.

त्यात अट ३३ टक्के नुकसानीची. भारी काळ्या रानात पाणी लवकर निथळत नाही. मुळांना हवा मिळत नाही, कपाशी माना टाकते. पाणी उतरल्यावर झाड उभे दिसते, पण पाते-फुले गळालेली, खालची बोंडे सडलेली. ज्वारी कणसात असेल तर दाणा काळा पडतो, कणसालाच कोंब फुटतात. शेतकी कॉलेजात हे पोरांना शिकवतात. पंचनामा करणारा मात्र चार दिवसांनी येतो आणि उभे झाड पाहून टक्का लावतो.

विम्याचे तर विचारूच नका. २०२५ च्या खरिपापासून राज्याने विम्यातून स्थानिक आपत्तीची भरपाईच काढली. उरला पीक कापणी प्रयोग. काठचे रान बुडाले आणि माळावरचे पीक बरे आले, की मंडळाची सरासरी शाबूत आणि विमा कंपनीही शाबूत.

आम्हाला मदत नको. मदत देणाऱ्याच्या मर्जीची असते. सोडलेल्या पाण्याने पीक गेले तर ते देणे आहे. किती क्विंटल कापूस, किती ज्वारी गेली ते मोजा, हमीभावाने हिशेब करा आणि भरल्या धरणावर जगणाऱ्या कारखान्यांच्या, शहरांच्या पाणीपट्टीतून ते चुकते करा.

जिल्हा मेळाव्याला येताना सातबारा आणा. शेतात पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता शिरले आणि किती दिवस उभे राहिले, ते कागदावर लिहून आणा. धरणाचे दरवाजे केव्हा आणि किती उघडले याची नोंद खात्याकडे असते. ती माहितीच्या अधिकारात मागवू. दोन्ही कागद एकत्र टाचून कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर ठेवायचे आहेत.