एकच दर, म्हणून न्याय?

श्रीमंतांकडून अधिक दराने प्राप्तिकर घेणे अन्याय्य मानणाऱ्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा इतिहास पाहावा. १९१५ च्या घटनादुरुस्तीने तेथे एकाच प्रकारच्या उत्पन्नावर सर्वांना एकच दर बंधनकारक केला. तो बदलण्याचे प्रस्ताव १९६२ ते १९९४ दरम्यान मतदारांनी पाच वेळा फेटाळले. दर समान होता, भार नव्हे. विक्रीकरापोटी सफाई कामगाराच्या मिळकतीचा जेवढा हिस्सा जातो, तेवढा कोट्यधीशाच्या मिळकतीचा कधीच जात नाही. समानतेचे कैवारी येथे मात्र सोयीस्कर मौन पाळतात. अखेर २०२२ मध्ये मतदारांनी शिक्षण व वाहतुकीसाठी ४ टक्के अधिभार मंजूर केला. तोही वार्षिक १० लाख डॉलरांपुढील उत्पन्नावरच. या मर्यादेपेक्षा एक डॉलर अधिक मिळवणाऱ्यावर त्या तथाकथित लुटीचा बोजा पडतो चार सेंटांचा.