प्रार्थना मराठींत, हिशेब कोठें?

वसईच्या कॅथलिक गांवांतून रविवारीं देवळांत मिस्सा मराठींत चालते. नव्या पिढीस यांत कांहींच नवल वाटत नाहीं. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस मोकळीक देईपर्यंत ती लॅटिनमध्यें होत असे. फादर स्टीफन्स यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें छापलें गेलें. म्हणजे पुराणापासून वेदीपर्यंत पोंचण्यास मराठीस साडेतीनशें वर्षें लागलीं!

परंतु प्रार्थनेंत वाचा मिळाली म्हणून धर्मग्रामाच्या कारभारांत ती मिळालीच असें नव्हे. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणें धर्मग्रामांतील लोकांच्या मंडळास केवळ सल्ला देतां येतो. ही मर्यादा रोमखेरीज कोणी बदलूं शकत नाहीं. पण त्याच संहितेनें प्रत्येक धर्मग्रामांत अर्थसमिति आवश्यक केली आहे, व भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांस द्यावा असेंही बजावलें आहे. तो मागितल्यानें श्रद्धेस बाध येतो, असें म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतों, दानपेटींत पैसा टाकतांना तो आला होता काय? जेथें हिशेब अद्याप लोकांपुढें येत नाहीं, तेथें येत्या वर्षाचा ताळेबंद देवळाच्या दारावर, आणि तोही मराठींत, लागला पाहिजे.