शब्द मोजू नका, हाताने काय केलं ते सांगा

गेल्या शनिवारी बोईसरच्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा होती. कथाप्रधान व्हिडिओ गेमचं लेखन साहित्याच्या तोडीचं मानावं का, हा विषय. या स्तंभात मी गेमची बाजू घेतली तेव्हा काही वाचकांनी माझे कान उपटले होते. त्यामुळे विषय वाचूनच बरं वाटलं आणि मी मोठ्या उत्सुकतेने जाऊन बसलो. बाहेर पडलो तो मात्र चिडून.

अनुकूल बाजूने पुरस्कार, खप आणि शब्दसंख्या सांगितली. प्रतिकूल बाजूने डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, पोरं हट्टी होतात, असं सांगितलं. एकाही वक्त्याने एकाही खेळातला एकही प्रसंग उभा केला नाही. कादंबरीवर बोलताना कुणी तिची पानं मोजून दाखवली असती, तर परीक्षकांनी त्याला खाली बसवलं असतं. इथे पहिलं बक्षीस मिळालं ते ‘डिस्को एलिझियम’मध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत, म्हणून तो महाकादंबरीच्या पंगतीत बसतो, असं म्हणणाऱ्या मुलाला.

खेळ त्याने निवडला होता उत्तम. 2019 साली आलेल्या या खेळाचा नायक एक पोलीस तपासनीस आहे. दारूने स्मृती गेलेली, हॉटेलच्या खोलीत तो उघडावाघडा जागा होतो. छताच्या पंख्याला त्याचा टाय अडकून गरगर फिरतोय. तो ओढायचा की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. जमेल की नाही, हे फासे ठरवतात. अंगात त्राण कमी असेल, तर टाय ओढण्याच्या नादात हा माणूस मरतो आणि खेळ तिथेच संपतो. अजून कथा सुरूही झालेली नाही, पण हा माणूस स्वतःच्या शरीरालाही कसा पारखा झालाय, हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. पुढे त्याच्या डोक्यातल्या 24 वृत्ती त्याच्याशी हुज्जत घालत राहतात आणि कुणाचं ऐकायचं, हे आपल्याच गळ्यात पडतं. इथलं लेखन मोठं आहे ते यामुळे. दर वाक्य आपल्याकडून काहीतरी मागतं आणि आपण दिलेलं उत्तर विसरत नाही. त्या मुलाने हा टायचा प्रसंग दोन मिनिटांत सांगितला असता, तर निम्मं सभागृह त्याच्या बाजूला गेलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. खेळाचं लेखन म्हणजे पात्रांच्या तोंडची वाक्यं नव्हेत. खेळणाऱ्याच्या हाताला काय करायला लावलं आणि ते केल्यावर त्याला काय उमगलं, ते खेळाचं लेखन. हे पटवायला मला फार लांब जायचं नाही. एक खेळ पुण्यात झालाय आणि त्याच्याशी ताडून बघायची गोष्ट आपल्याच जिल्ह्यात आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ आणला. त्याआधी 2017 मध्ये लोकवर्गणीची त्यांची मोहीम फसली होती. मंडळींनी हाय खाल्ली नाही. खेळ पुरा केला आणि 2020च्या द गेम अवॉर्ड्समध्ये स्वतंत्र निर्मात्यांच्या पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. मला या मंडळींचा अभिमान आहे आणि म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहितो.

राजी ही कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू बाहुल्यांचा खेळ करतो. असुर पोरांना पळवतात, त्यांत गोलूही जातो आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन राजी त्याच्या शोधात निघते. राजस्थानी वाड्यांची नक्षी, पहाडी शैलीची रंगसंगती, कथाभागासाठी छायाबाहुल्या. डोळ्यांचं पारणं फिटतं. भिंतींवर पुराणकथांची चित्रं आहेत. राजीला चित्रासमोर नेऊन उभं करायचं, बटण दाबायचं, की दुर्गा आणि विष्णू त्या चित्रामागची कथा ऐकवतात. तेवढा वेळ राजी काय करते? उभी राहते. जिच्या हाती त्रिशूळ दिला, तिला निर्मात्यांनी कीर्तनातली श्रोती करून टाकलं. कथा वरून ऐकू येते, लढाई खाली चालू राहते आणि दोघींची गाठ क्वचितच पडते.

ती पडते तेव्हा काय होतं, हेही याच खेळात दिसतं. एका कोड्यात चित्राचे गोलाकार तुकडे फिरवून जुळवायचे असतात. ते जुळत जातात तसा भावंडांचा मागचा काळ डोळ्यांपुढे येतो. बहिणीची आठवण आपण आपल्या हाताने सांधतो. गोलूबद्दल माया वाटली ती मला तिथे, देवांच्या निवेदनात नव्हे. पुढे शेवट अचानक तुटतो आणि इतक्या वाटा तुडवून आपण नेमकं काय मिळवलं, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

आता मनोर, विक्रमगड, जव्हार ओलांडून मोखाड्याला चला. उन्हाळ्यातल्या रात्री तिथे बोहाडा असतो. देवीचाच उत्सव, देवी आणि असुर यांचीच कथा. गणपती येतो, शारदा येते, नरसिंह, रावण अशी सोंगं एकामागून एक येतात आणि शेवटी देवी महिषासुराला मारते. सोंग नाचवणाऱ्याला भाषणं नसतात. तोंडावर मुखवटा, भोकांतून जेमतेम दिसणारी वाट, आजूबाजूला उजेडाची धग आणि कानात संबळ-सनई. संबळाची चाल बदलली की पाऊल बदलतं. गणपतीचं पाऊल नरसिंहाला चालत नाही. रावणाचं डोकं पेलणाऱ्याला तर नुसतं वळायचं म्हटलं तरी अख्खं अंग बेतून वळवावं लागतं. रावणाचा ताठा कुणी शब्दांत सांगत नाही. तो त्या वळण्यातच असतो, आणि आईच्या मांडीवरून बघणाऱ्या पोरालाही तो कळतो. अमुक सोंग अमुक घराकडे, असा मानही ठिकठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यामुळे मुलगा बापाकडून भूमिका शिकतो ती पावलांनी.

बोहाड्याची संहिता पावलात, वजनात आणि तालात लिहिलेली आहे. कागदावर ती कुठे सापडणार नाही, पण ती ढिली पडली की बघणाऱ्यांना लगेच कळतं. ‘राजी’ची संहिता कागदावर आहे, आवाजातही आहे, पावलात मात्र फार थोडी उतरली. दोन्हीकडे देवी आणि असुर, दोन्हीकडे बाहुल्या-मुखवट्यांची परंपरा. तरी एकीकडे कथा अंगात येते आणि दुसरीकडे ती कानावर पडते. ‘राजी’तली वाक्यं बरी की वाईट, यावर रात्रभर वाद घालता येईल, पण खरं उणं त्या वाक्यांत नाहीच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मोखाड्याच्या प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असते. ‘राजी’ जगभर जाणार होती आणि परक्यांना दुर्गा कोण, हे सांगायलाच हवं होतं. सांगायला हवं, हे मान्य. पण सांगण्याची एकच रीत नाही. टोरंटोच्या विसाई गेम्सचा ‘वेन्बा’ 2023 साली आला आणि पुढच्या वर्षी पदार्पणाच्या खेळासाठीचा बाफ्टा घेऊन गेला. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, काळ 1988चा आणि त्यापुढचा. त्यातल्या वेन्बाला तिच्या आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीची पानं फाटलीत, शाई पुसलीय. मधली गळालेली पायरी वेन्बाने, म्हणजे आपण, ताडायची आणि पदार्थ करायचा. वर्षं जातात, मुलगा कविन घरापासून आणि भाषेपासून दुरावतो, आई भारतात परतते. मग त्याच वहीसमोर कविन उभा राहतो आणि त्याला तमिळ धड वाचता येत नाही. माझ्यासारख्या मराठी खेळणाऱ्यालाही ती अक्षरं लागत नाहीत. मुलाची अडचण आणि माझी अडचण एक झाली. परदेशी वाढलेल्या मुलाचं तुटलेपण यावर आपल्या मासिकांत कथा कमी आल्या नाहीत, पण ते मला इतकं आतून क्वचितच कळलं होतं. ‘वेन्बा’ तमिळ स्वयंपाकघर जगाला समजावून सांगायला बसत नाही. जगाला ओट्याशी उभं करतो. खेळ दीड तासाच्या आसपासचा. शब्दसंख्येचं बक्षीस त्याला कधीच मिळणार नाही.

नियमित वाचकांना पुढचं वाक्य पाठ असेल, तरी लिहितोच. आपल्या हौशी रंगभूमीला जो रोग आहे, तोच इथे पसरलाय. पडदा उघडला की नेपथ्याला टाळी पडते आणि संहिता मात्र तालमी सुरू झाल्यावर रात्री जागून पुरी केली जाते. खेळांच्या जगातही आधी वाडे उभे राहतात, शस्त्रं घडतात, असुर रंगवले जातात आणि लेखकाला शेवटी बोलावून मोकळ्या जागा भरायला सांगतात, असा माझा ठाम समज आहे. अशा लेखकाच्या वाट्याला पात्रांची तोंडं तेवढी उरतात. हात-पाय आधीच दुसऱ्यांनी वाटून घेतलेले असतात.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पुढच्या वर्षी हीच स्पर्धा घ्या, पण नियम करा: प्रत्येक वक्त्याने खेळातला एक क्षण सांगायचा. हाताने काय केलं, त्याची काय किंमत पडली आणि त्यातून काय समजलं, एवढंच. असा क्षण ज्याला सांगता येणार नाही, त्याच्या पुरस्कारांच्या यादीला गुण नकोत आणि बिघडलेल्या डोळ्यांच्या यादीलाही नकोत. तारापूर एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या आईबापांची ही पोरं मोबाइलवर जे खेळतात, त्याकडे लेखन म्हणून बघायला त्यांना आजवर कुणी शिकवलेलंच नाही.

दुसरी मागणी निर्मात्यांकडे. पुढचा खेळ करताना लेखकाला पहिल्या दिवशी बोलवा. नायिका किती उंच उडी मारेल, त्रिशूळ किती जड असेल, दमल्यावर ती कशी चालेल, हे ठरत असताना तो त्या खोलीत हवा. त्याने अख्ख्या खेळात एकही संवाद लिहिला नाही तरी चालेल. त्रिशूळाचं वजन त्याने ठरवलं असेल, तर खेळ त्याचाच.