गुरूची बिदागी कोण देणार?

करंजाडे ही पनवेलला लागून सिडकोने वसविलेली वसाहत. नोकरीधंद्यासाठी येऊन स्थिरावलेली कुटुंबे येथे आहेत, तशीच नवी मुंबई विमानतळासाठी आपली गावे सोडावी लागलेली कुटुंबेही करंजाडे-वडघर परिसरात राहावयास आली आहेत. अशा नव्या वस्तीत रस्ते आणि पाणी यांचा विचार आधी होतो, गाण्याचा शेवटी. ते स्वाभाविकच म्हणावयाचे. परंतु इंटरनेट घरोघरी पोचले असता, येथील मुलांना ऑनलाइन गाणे शिकविणारी आणि नफा न मिळविणारी संस्था का निघू नये? ती निघावी, असे आमचे मत आहे. मात्र ती कशी निघावी, याविषयी काही स्पष्ट बोलणे अवश्य आहे.

कायद्याची वाट अवघड नाही. सात माणसे एकत्र आली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी होते. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचे बंधन तिच्याबरोबरच येते आणि हिशेब दरसाल तपासून घ्यावे लागतात. (पहिल्या वर्षी ज्या उत्साहाने घटना लिहिली जाते, त्या उत्साहाने तिसऱ्या वर्षी हिशेब लिहिले जात नाहीत, हा भाग निराळा!)

खरी अडचण पैशाची आहे, आणि ती नवी नाही. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम घेतलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयाची वाट न पाहता, लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर त्यांनी ते चालविले. १९०८ साली ते मुंबईस आले, तेथे विद्यालयाची इमारत उभी राहिली; आणि कर्ज न फिटल्यामुळे तीच इमारत पुढे लिलावात गेली. त्यांच्या पश्चात शिष्यांनी १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्या मंडळाची वास्तू आज करंजाड्याहून फार दूर नसलेल्या वाशीत आहे. एवढ्या तपस्वी पुरुषाची जी गत झाली, ती आपली होणार नाही असे कोणी समजू नये.

पडद्यावरून शिकविण्याचे व्यंग कोणते, हेही चालकांनी जाणले पाहिजे. आवाज जाऊन परत येईतो सेकंदाचा काही अंश उलटतो. बोलताना तो जाणवत नाही. द्रुत तीनतालात तेवढ्यात मात्रा निसटते. म्हणून गुरुशिष्यांना एकत्र गाता येत नाही. शिष्याने गावे, गुरूने ऐकावे आणि मग सुधारावे, एवढेच साधते. त्यातही संभाषणासाठी बनविलेल्या यंत्रणा अखंड चालणारा नाद गोंगाट समजून दाबतात, आणि ज्याच्या आधाराने गळा तयार व्हावयाचा तो तंबोराच नाहीसा होतो! ही सोय बंद करून ठेवता येते, आणि तंबोरा शिष्याजवळ वाजू द्यावा, हेही शहाणपणाचे. पण तबल्यावर चुकीचा पडणारा हात दुरून कोण धरणार? यास्तव करंजाड्यातच एखादी खोली, तीत तंबोरा, तबला आणि आठवड्यातून दोनदा येणारा साथीदार, एवढी तरतूद हवीच. निव्वळ पडद्यावर ही शाळा उभी राहणार नाही.

आता बिदागीविषयी. मिरज, कोल्हापूर, धारवाड, गोवा येथे उत्तम विद्या असूनही पुरेसे विद्यार्थी नसलेले शिक्षक आहेत. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतील अनेकांनी पडद्यावरून शिकविण्याचा सराव केला. त्यांना बोलवावे, पण ‘समाजकार्य’ म्हणून फुकट बोलवू नये. आपल्याकडे देणगी कॅमेऱ्याला, फलकाला आणि उद्घाटनाला पुरते. शिक्षकाच्या वाट्याला शाल आणि श्रीफळ येते. गरीब मुलाला फी माफ असावी, यात वाद नाही. परंतु ती माफी देणगीदाराच्या खिशातून झाली पाहिजे, गुरूच्या पोटातून नव्हे. जमेतून पहिला खर्च शिक्षकाच्या मानधनाचा, असे संस्थेने आपल्या घटनेतच लिहून ठेवावे.

आणखी एक सूचना. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांची आवड आम्हां मध्यमवर्गीयांना फार. पण या परिसरातील आगरी स्त्रिया लग्नात जे धवले गातात, ते कोणत्या परीक्षेस आहेत? गावे उठली, अंगणे गेली. ती गाणी जाणणाऱ्या धवलारिणी वृद्ध झाल्या. तेव्हा येथील मुलांनी मिरजेहून राग शिकावा, तसेच बाहेरगावच्या मुलींनी करंजाड्यातून धवला शिकावा. आणि तो शिकविणाऱ्या धवलारणीची बिदागी त्याच वहीत, गवयाच्या नावाखाली, त्याच दराने मांडलेली असावी.